न मोडलेल्या हाताची पट्टी

पट्टीमामा माणसाला आधी हाताने ओळखत, मग तोंडाने. लग्न होऊन मी गिरगावातून लालबागच्या चाळीत आले, तेव्हा सासूबाईंनी मला मजल्यावरच्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला नेलं. मी वाकले तशी मामांनी आशीर्वाद देण्याऐवजी माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत चाचपला आणि म्हणाले, "हो हात लहानपणी मोडललो. झाडावरसून पडलंस काय जिन्यावरसून?" मी जिन्यावरून पडले होते, आणि लग्न ठरवताना माहेरच्यांनी ही गोष्ट सोयीस्करपणे गिळली होती. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मामांचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. तो हात बसवला कुणी, याची त्यांना चौकशी करायची होती, कारण काम चांगलं झालं होतं.

दिवसभर ते गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर असत. पाळी सुटली की आंघोळ करून गॅलरीत पाट टाकून बसायचे, आणि लालबाग-परळपासून घोडपदेवपर्यंतची मोडकी माणसं त्यांच्यासमोर येऊन बसायची. विद्या वडिलांकडून आलेली, मालवणाकडची. हळद, तुरटी, बांबूच्या कामट्या आणि कसलंसं काळं तेल. पैसे घ्यायचे नाहीत ही वडिलांची आण. रोग्याने फक्त एक नारळ आणायचा. मामा त्यावर कोळशाने खूण करून फळीवर ठेवत. हाड सांधलं की तो नारळ रोग्याने स्वतःच्या बऱ्या झालेल्या हाताने फोडायचा आणि खोबरं मजल्यावर वाटायचं. पाय मोडलेला असेल, तर नारळ घेऊन तीन जिने उतरून पुन्हा चढायचे. हाड सांधल्याशिवाय पट्टी सुटत नसे. कुणी घाई केली की मामांचं ठरलेलं उत्तर असे, "हाड घड्याळ बघना नाय."

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे मजल्यावर माझी 'शिकलेली सून' अशी थोडी धास्ती होती. मामांना ती नव्हती. जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या मी सरळ फाडते, एवढाच माझा गुण त्यांना दिसला. मामी वर्षातले आठ महिने गावी असायच्या, म्हणून पट्ट्यांचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. मलाही ते आवडे. एखादी गोष्ट कशी चालते हे कळलं नाही की मला चैन पडत नसे, आणि मामांचा हात कसा चालतो हे तर मला शेवटपर्यंत कळलं नाही.

या माणसाला दोन वेडं होती. एक कुस्तीचं. तालमीतल्या कुस्तीचं नव्हे, स्टेडियमवर तिकीट लावून होणाऱ्या, दोरांच्या चौकोनातल्या कुस्तीचं. त्यातला एक पैलवान आपल्या मुलखातला म्हणून चाळीने त्याला दत्तकच घेतला होता. त्याचा वैरी एक भला थोरला तुर्क. भिंतीवरच्या जाहिरातीत तो दात विचकून उभा असे. रविवारी मामा आणि आमचे हे सगळ्यांत स्वस्त तिकिटावर जाऊन बसायचे, आणि सोमवारी मामांचा आवाज बसलेला असायचा. पोरगा नापास झाला तरी शांत राहणारा हा माणूस तुर्काने पाठीमागून लाथ मारली म्हणून दोन दिवस नीट जेवत नसे.

एका रविवारी तुर्काचा खांदा निखळला. व्यवस्थापकाच्या माणसाने गर्दीतून मामांना शोधून आत नेलं, बरोबर हेही गेले. मामांनी खांद्याला हिसका दिला मात्र, तुर्क "आई गं, मेलो" म्हणून ओरडला. तुर्क मिरजेचा निघाला. आणि आमचा लाडका पैलवान त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला दूध पाजत होता. चाळीतली मंडळी विचारायला जमली, तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "कुस्ती खोटी, खांदो खरो." त्यानंतर त्यांनी तिकीट काढलं नाही. पण त्या पैलवानांना शिव्याही दिल्या नाहीत. मी एकदा मुद्दाम खोदून विचारलं, तर म्हणाले की पोटासाठी पडतात बिचारे, आणि पडताना लागतं ते खरंच लागतं. मला वाटलं, या माणसाला फसवणुकीचं दुःख होत नसावं. तो माझा गैरसमज होता.

दुसरं वेड वक्त्यांचं. आमच्या वॉर्डातल्या त्या पुढाऱ्याचं नाव सांगत नाही, आम्ही सगळे त्यांना वक्तेच म्हणायचो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती आणि चाळीचाळींतून माणसं मोर्चाला निघत होती. वक्ते उभे राहिले की पहिली पाच मिनिटं हळू बोलत, इतकं हळू की माणसं एकमेकांना गप्प करत. मग त्यांचा आवाज चढायचा आणि अंगावर काटा यायचा. मुंबईसाठी माझ्या हाडांचा चुरा झाला तरी चालेल, असं ते म्हणाले की मामा बायकांच्या बाजूला उभ्या असलेल्या मला शोधून खुणेने विचारायचे, ऐकलंस? मी ऐकलेलं असे. माझेही डोळे भरलेले असत. मिरजेच्या तुर्कावर हसणारी मी, वक्त्यांच्या बाबतीत मामांच्या एक पाऊल पुढेच होते.

मग तो लाठीमार झाला. संध्याकाळी आमची गॅलरी माणसांनी भरून गेली. त्यांत माझे धाकटे दीर होते, रघुनाथभाऊजी. उजवं मनगट मोडून लोंबत होतं. गिरणीत ते बदली कामगार होते आणि साच्यावर कायम होण्याची त्यांची पाळी दोन महिन्यांवर आली होती; फार खाडे पडले तर ती जाणार होती. मामांनी हात बसवला आणि चाळीस दिवस पट्टीला हात लावायचा नाही, म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वक्त्यांचा माणूस नारळ घेऊन आला. वक्त्यांचाही हात मोडला होता. मामा तसेच उठले, पट्ट्यांची पिशवी घेऊन मीही निघाले. परळला त्यांच्या घरी ते आरामखुर्चीत बसले होते. मामांनी त्यांचा उजवा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि बोटं फिरवली. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. एरवी त्यांना एकदाच पुरे होई. त्यांनी विचारलं, दुखतंय कुठे? वक्ते त्या हळू आवाजात, सभेतल्या पहिल्या पाच मिनिटांतल्या आवाजात म्हणाले, "मामा, उद्या सभा आहे. लोक मार खाऊन बसलेत, घाबरलेत. आपला पुढारीही मोडलाय हे त्यांना दिसलं तर ते उठतील. माझं दुखत नाही हो, पण त्यांचं दुखतंय ते कुठेतरी दिसायला नको का?"

मामांनी वक्त्यांचा हात खुर्चीवर परत ठेवला. मग माझ्यापुढे हात केला. मी पट्ट्या दिल्या. कामट्या लावून, तेल चोळून, अगदी रीतसर पट्टी बांधली त्यांनी. परतताना परळच्या नाक्यावर थांबले आणि मला विचारलं, "चळवळ तरी खरी आसा मां गो?" मी म्हटलं, खरी आहे मामा. ती खरीच होती, आजही माझं त्याबद्दल दुमत नाही.

सभा प्रचंड झाली. वक्त्यांनी गळ्यात अडकवलेला हात वर उचलला आणि मैदान उठून उभं राहिलं. भाऊजी आपला पट्टीचा हात छातीशी धरून पुढेच होते. घरी आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. "वहिनी, त्यांचा आणि माझा हात एकाच दिवशी मोडला," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

खरं तर तिथेच सगळं थांबायला हवं होतं. पण नारळाची रीत वक्त्यांच्या माणसांच्या कानावर गेली. निवडणूक जवळ आली होती. मामांनी वक्त्यांनाही खोटी पट्टी चाळीस दिवस ठेवायला बजावून सांगितलं होतं, तरी बाराव्या दिवशी ढोल-ताशे वाजवत वक्ते चाळीत आले. चौक माणसांनी फुलला. सगळ्यांसमोर मामांना पट्टी सोडावी लागली. वक्त्यांनी एका फटक्यात नारळ फोडला आणि मामांना मिठी मारून म्हणाले, सरकारी इस्पितळाने दोन महिने सांगितले असते, आपल्या मातीतल्या या वैद्याने बारा दिवसांत हाड सांधलं. टाळ्या थांबेनात. मामांच्या गळ्यात हार पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं कौतुक भरचौकात झालं, आणि ते मान खाली घालून उभे होते. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी दाढीच्या पात्याने स्वतःची पट्टी कापली आणि पहिल्या पाळीला गेले. आम्हाला कळलं ते दुपारी, हात सुजून काळानिळा होऊन ते परत आले तेव्हा. मामा गिरणीतून धावत आले. भाऊजी म्हणाले, वक्त्यांचं हाड आणि माझं हाड काय वेगळं आहे? मामांनी तो हात पुन्हा बसवला. भाऊजी ओरडले नाहीत, मामांच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं. पण मनगट वाकडं सांधलं ते सांधलंच. त्या हाताने तुटलेला धागा जोडता येईना. साचा गेला, कायम होणं गेलं. पुढे वर्षभराने घडीखात्यात कापडावर शिक्के मारायचं काम मिळालं, तेही डाव्या हाताने.

तेव्हा चाळीत कुजबुज सुरू झाली की मामांनी मोठ्या माणसाचा हात मन लावून केला आणि शेजाऱ्याच्या हातावर चालढकल केली. मामांनी ते आठवडाभर ऐकलं. मग एका संध्याकाळी गॅलरीत पाट न टाकता उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वक्त्यांचो हात मोडलोच नाय होतो. मी खोटी पट्टी बांधलंय. रघुनाथाचो हात माझ्यामुळे गेलो."

कुणालाही ते खरं वाटलं नाही. ज्यांचे हात, पाय, बरगड्या मामांनी सांधल्या होत्या, त्यांनाही नाही. कुणी म्हणालं, दुसऱ्या बाजूचे पैसे खाल्ले. कुणी म्हणालं, काम बिघडलं ते झाकायला म्हातारा पुढाऱ्याला बदनाम करतो. फितूर हा शब्द पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आला ते आठवत नाही, पण तो सगळ्या मजल्यांवर फिरला. भाऊजींनी तर मामांच्या दारावरून जाणं सोडलं.

आणि मी दारात उभी होते. त्या दिवशी वक्त्यांच्या घरी मी होते, पट्ट्या मी फाडल्या होत्या, हे मामांनी सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला एक वाक्य बोलायचं होतं आणि मी ते बोलले नाही. निवडणूक आहे, चळवळीचं नुकसान होईल, घरात भाऊजींचं दुःख ताजं आहे, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. खरं कारण एवढंच की मला भीती वाटली. मामांना एकटं टाकणाऱ्यांत मी पहिली होते.

वक्ते निवडून आले. पुढे राज्य झालं. लालबागला रोषणाई झाली, माणसं रस्त्यात नाचली. मामा जिन्याखाली एकटेच उभे होते. मी पेढा नेऊन दिला तर रडत हसले आणि म्हणाले, "झाला मां? ह्या खराच झाला." वर्ष उलटायच्या आत वक्ते, ज्या सत्ताधाऱ्यांच्या नावाने त्यांनी शिमगा केला होता, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसले. फोटो छापून आला. मग चाळीतल्या एकेकाला मामांचं बोलणं आठवू लागलं. त्याच तोंडांनी ते मामांकडे येऊन वक्त्यांना शिव्या देऊ लागले. मामा ऐकून घेत आणि पाय पुढे कर म्हणत. त्यांना बरं वाटलं असेल, असं मला वाटत नाही. त्यांचं लक्ष भाऊजींच्या दाराकडे असे, आणि ते दार उघडलं नाही. गिरणीतली नोकरी संपल्यावर मामा गावी गेले ते कायमचेच.

तीन वर्षांनी मामींचं पत्र आलं, मामा गेले. भाऊजी जेवायला बसले होते. मी पत्र वाचलं, आणि इतकी वर्षं न बोललेलं ते वाक्य बाहेर पडलं. भाऊजी, मी तिथे होते. मामा खरं बोलत होते.

भाऊजींनी डाव्या हाताने घास तसाच ताटात ठेवला. म्हणाले, "मला ठाऊक होतं, वहिनी. मामा गॅलरीत बोलले, त्याच दिवशी कळलं होतं."

मी विचारलं, मग एकदा तरी त्यांच्या दारात का गेला नाहीत?

त्यांनी आपलं वाकडं मनगट मांडीवर घेतलं. "मामांना खोटं ठरवलं तर एक शेजारी जात होता," ते म्हणाले. "वक्ते खोटे ठरले असते, तर हा हात मी कशापायी मोडून घेतला, ते मला रोज स्वतःला सांगावं लागलं असतं. मामा म्हातारे होते. मला वाटलं, ते सोसतील."