निकानोरची पहिली सुट्टी

निकानोर तेसुकूनला वाट विचारू नये, हे सान होसे गावातली शेंबडी पोरंही सांगतील. तो चुकीची वाट सांगतो असं नाही. पण त्याच्या वाटेनं जायला त्याचंच डोकं लागतं. "दोन तळी सोडायची, तिसऱ्यापाशी सेवेरोचं खेचर मेलं तिथून डावीकडे." खेचर मेल्याला चाळीस वर्षं झाली. मागे एक परदेशी जोडपं त्याच्या सांगण्यावरून निघालं आणि संध्याकाळी पुन्हा त्याच्याच दारात येऊन उभं राहिलं. त्यानं त्यांना कॉफी पाजली आणि म्हणाला, "जंगलानं परत पाठवलं, म्हणजे तुमची काळजी आहे त्याला." पाहुणे पण हसले, काय करतील!

वय अठ्ठ्याहत्तर. पोटऱ्यांवर अजून काट्यांचे वण आहेत. झाडावर चढायला बुटांना लोखंडी काटे बांधत, त्यांचे. चौदाव्या वर्षी बापाच्या मागून तो पेतेनच्या जंगलात शिरला, तो सव्वीस पावसाळे शिरतच राहिला. चिकूच्या झाडाला कोयत्यानं नागमोडी खाचा मारायच्या, चीक खाली पिशवीत उतरवायचा, मोठ्या कढईत कढवायचा, ठोकळे पाडायचे. पुढे त्याचं च्युइंगम होऊन कुठल्या देशात कोण चघळत बसे, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. चीक वाहतो तो पावसातच. म्हणून पाऊस लागला की जंगलात जायचं आणि फेब्रुवारीत पाणी ओसरू लागलं की घरी येऊन मक्याच्या शेताला लागायचं. सबंध आयुष्य जंगलात काढलेल्या या माणसानं कोरडं जंगल कधी पाहिलंच नव्हतं, आणि ही गोष्ट आजवर कुणाच्या ध्यानात आली नव्हती, त्याच्यासुद्धा.

सप्टेंबरातल्या एका रविवारी त्याची मुलगी देल्फिना दुपारच्या होडीनं तलाव ओलांडून आली. पलीकडच्या फ्लोरेस शहरातल्या एका हॉटेलात ती पाहुण्यांच्या सहली आखून देते. कुणाला टिकालची देवळं, कुणाला याश्हाचा सूर्यास्त, कुणाला डोंगरातली सरोवरं. आईबापांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. तिनं एक कागद पुढे सरकवला.

"बाबा, आई, ही तुमची सुट्टी. पाच दिवस. मी स्वतः येणार बरोबर."

"सुट्टी कशापासून?" निकानोरनं विचारलं. "मी तर दिवसभर झुल्यातच असतो."

"तेच म्हणते मी," चुलीपाशी मक्याच्या भाकऱ्या थापणारी ब्रिहिदा म्हणाली. "सुट्टी मला द्या, याच्यापासून."

देल्फिना वाचू लागली. "पहिला दिवस, टिकाल."

"टिकाल! अगं, रस्ता नव्हता तेव्हा त्या पायऱ्यांवर बसून मी घेवडा-भाकरी खाल्लीय. तिथली झाडं तोडायला मजूर लागत होते, त्यात होतो मी. आज्या-पणज्यांच्या घरात आता तिकीट काढून शिरू?"

"बरं, टिकाल नको. मग समुद्र?"

"समुद्रात काय बघायचं? पाणीच की."

"मग तुम्हीच सांगा, कुठं जायचं ते."

तो एवढ्याचीच वाट पाहत होता. झुल्यातून उतरायला त्याला एरवी दोन हाका आणि एक हात लागतो. आज तो आपला आपण उतरला. कागद उलटा केला आणि पेन्सिलीनं तळी काढू लागला. गोल, गोल, गोल. जंगलातल्या जुन्या शहराकडे जी वाट जाते, तिच्यावर दोन दिवस खेचरानं जायचं आणि मग उजवीकडे अर्धा दिवस. तिथं पासिएन्सिया नावाचा चीक काढणाऱ्यांचा तळ होता.

"ऑक्टोबरात निघू," तो म्हणाला.

देल्फिनानं कपाळावर हात मारला. "ऑक्टोबरात? बाबा, तेव्हा खेचराच्या पोटापर्यंत चिखल असतो तिथं! पाहुण्यांना आम्ही मार्चमध्ये नेतो. वाट कोरडी, डास कमी."

"मार्चमध्ये जंगल मेलेलं असतं. झाडाला खाच मारली तर थेंब येणार नाही. जंगल बघायचं तर पावसात."

"तुम्हाला झाडावर चढायचंय का आता?"

"गुडघा दुखतो, हात नाही दुखत."

"जीभ तर कधीच दुखली नाही," ब्रिहिदा म्हणाली. पण ती हसली नाही. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली.

पासिएन्सियाच्या तळावर ती दोन पावसाळे स्वयंपाकीण होती. पहाटे उठून पाट्यावर मका वाटायचा, वीस पुरुषांच्या भाकऱ्या, वर त्यांची भांडणं. निकानोर त्या दिवसांच्या गोष्टी सांगू लागला की अजून तासभर थांबत नाही. रात्रीचा पाऊस, कढईचा वास, ओल्या सरपणावर फुंकर घालताना तिच्या डोळ्यांत येणारं पाणी. त्या दिवसांसारखे दिवस नाहीत, असं तो म्हणे, आणि तसं त्याला मनापासून वाटे. ती मात्र या गोष्टी चालू झाल्या की उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जाई.

एक गोष्ट तो कधीच सांगत नसे. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी, दोन फेब्रुवारीला, त्या तळावर त्यांना मुलगी झाली. त्या दिवशीच्या सणावरून कांदेलारिया नाव ठेवलं. नऊ दिवस जगली. जमीन सगळी चुनखडीची, कोयता दगडावर आपटून ठिणग्या काढी. तिशीतला निकानोर मऊ माती शोधत तळ्याच्या काठी गेला आणि दलदलीत वाढणाऱ्या एका टिंटोच्या झाडाखाली तिला ठेवून त्यानं खोडावर खूण कोरली. पुढच्या पावसाळ्यात, जुलैत, गेला तेव्हा ती जागा त्याला सापडली नाही. सारी टिंटोची झाडं सारखी, सारी पाण्यात उभी. पुढे दहा पावसाळे त्यानं शोधलं. बायकोला काय तोंडानं सांगणार, की पोरीला कुठं ठेवलं तेच मला ठाऊक नाही? म्हणून त्यानं तिचं नावच काढलं नाही. आता एकदा शेवटचं बघावं, आणि ब्रिहिदाला बरोबर न्यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. ती आली नाही तर सुट्टीला काही अर्थ नव्हता.

"तू येशील ना, म्हातारे?" त्यानं विचारलं.

"पावसात नाही येणार."

"पावसातच खरं जंगल असतं गं. तुला आठवत नाही का..."

"मला सगळं आठवतं." ब्रिहिदानं तवा उतरवला. "तुलाच आठवत नाही. तिला पुरलंस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटे बांधून झाडावर चढलास. पन्नास वर्षं पाऊस, कढई आणि चीक ऐकतेय मी. तिचं नाव एकदा तरी काढलंस?"

देल्फिना चुलीकडे वळली. "कुणाचं नाव, आई?"

"तुझ्या मोठ्या बहिणीचं," ब्रिहिदा म्हणाली.

पंचेचाळीस वर्षांची देल्फिना एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत राहिली. आपण घरात थोरल्या, याचा तोरा तिनं जन्मभर मिरवला होता.

निकानोर खाली बसला. "मला जागा सापडली नाही गं," तो म्हणाला. "दरवर्षी शोधली. वीस झाडं, तीस झाडं, एकेक बघितलं. मऊ जमीन बघून ठेवली होती मी, ती मऊ का होती ते मला गाढवाला कळलं नाही. पावसात तळं चढलं की पाण्याखाली जाणारी जमीन होती ती. तुला सांगायला तोंड नव्हतं मला."

ब्रिहिदानं फडक्यानं हात पुसले. मग ती त्याच्याजवळ आली.

"देल्फिना पाच वर्षांची असताना मी पुष्पगुच्छात घालतात ती शातेची पानं तोडायला बायकांबरोबर गेले होते, एप्रिलात, आठवतं?"

"तीन आठवडे. पोरीला मी सांभाळलं."

"तेव्हा पासिएन्सियाला गेले होते. तळं आटून एवढंसं झालेलं. टिंटोची झाडं सगळी कोरड्यात उभी. तू खोडावर कोयत्यानं क्रूस कोरला होतास, तो लांबून दिसला. खाली, मुळाजवळ. पाऊस असता तर पाण्यात बुडाला असता."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, तू विसरलास. विसरलेल्याला कशाला आठवण द्यायची? मी दगड लावले भोवती आणि आले."

निकानोरनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. "म्हणजे दरवर्षी मी तिथंच... गुडघाभर पाण्यात, तिच्यावरच उभा राहिलो असेन गं."

"असशील," ब्रिहिदा म्हणाली आणि त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर तिनं हात ठेवला. "म्हणजे तू जात होतास तिच्याकडे. आणि मी इतकी वर्षं तुझ्यावर रागावून बसले."