बिनरेघेचा चष्मा

सिरसाळ्याच्या बाजारात आमचं चष्म्याचं दुकान. पाटीवर मालकाचं नाव, मल्लिनाथ. मी शिवकांता, त्यांची बायको, गल्ल्यावर बसायची. माणूस लई बोलका. पण मोठ्या माणसापुढं गेला की तोंडाला कुलूप. त्याचाच मला संताप यायचा.

परदेशी माल मोकळा झाला त्या वर्षांत मुंबईहून एक नवी काच आली. वरून बघितलं की लांबचं दिसायचं, खालून जवळचं, आन् मधी रेघच न्हाई. ह्यांना तिचं काय कौतुक! ज्याला चष्मा देतील त्याला बजावायचे, "पायऱ्या उतरताना नुसते डोळे खाली करू नका, मान वाकवून वरच्या काचंतून बघा. न्हाईतर पायरी धूसर दिसंल, तोंडावर पडाल."

सगळ्यांना सांगितलं, एकट्या अर्जुनरावांना न्हाई. एवढा मोठा पुढारी, मागं त्याची दहा माणसं. त्याला चालायचं कसं हे कोण शिकवणार? मी डोळ्यानं खुणावलं, तर ह्यांनी माझ्याकडंच डोळे वटारले.

आठवडाभरात अर्जुनराव भर सभेत स्टेजच्या पायऱ्यांवरून कोसळले. खुबा मोडला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पोरगा विजयसिंह माणसं घेऊन दुकानात घुसला. हातात काठ्या. काचेची कपाटं फोडली, ह्यांना गचांडी धरून रस्त्यावर ओढलं. लाथा, काठ्या, तोंडातून रक्त. शेजारच्या गहिनीनाथनं हॉटेलाचं शटर खाली ओढलं. मुडदा बशिवला त्याचा! रोज आमच्याकडं बसून फुकट पेपर वाचायचा.

"कावून बे, माझ्या बापाला खोटी काच दिली?" विजयसिंहानं ह्यांच्या छातीवर पाय ठेवला. "दिली असंल तर डोळाच फोडतो तुझा."

मी ओरडले, "काच चांगली हाय, दादा! मान वाकवून उतरायचं असतंय, ते ह्यांनी भिऊन सांगितलं न्हाई!"

विजयसिंह थांबला. खरंच थांबला. काठी खाली घेतली आन् ह्यांना विचारलं, "बाई म्हणती ते खरं का?"

नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर! पण हो म्हणायचं म्हंजे अर्जुनरावांनाच उतरता आलं न्हाई म्हणायचं. ह्यांनी हात जोडले. "न्हाई साहेब. रावसाहेबांची काय चूक? काचच खोटी होती."

काठीचं टोक सरळ उजव्या डोळ्यात घुसलं. मी तो आवाज ऐकला. अगं आई गं, त्यांचं ते ओरडणं!

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डोळा काढला. शुद्धीवर आले तेव्हा मी त्यांचा हात धरून रडत होते. पट्टीखालून हळूच म्हणाले, "बरं झालं, मी उलटं बोललो न्हाई. जीव तरी वाचला."

मी हात सोडला. विजयसिंहाचा राग आला व्हता तेवढाच मला त्या घडीला ह्यांचा आला. वाटलं, दुसरा डोळा आता आपणच फोडावा.