चौथी ‘ब’मधली डिप्टी

धडा शिकवून झाला, की तिचा हात वर जायचा. पन्नास मुलांच्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी ही मुलगी उंचीने इतकी कमी, की पुढच्या डोक्यांवरून फक्त मनगट आणि त्यातली हिरवी प्लास्टिकची बांगडी दिसायची. मी म्हणायचे, “बोल.” ती उभी राहायची आणि दरवेळी एकच प्रश्न विचारायची.

“बाई, तुम्ही स्वतः केलंय का हे?”

तिच्या स्वरात उद्धटपणाचा लवलेश नसायचा. तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं. पुस्तकात लिहिलंय, म्हणजे कोणीतरी करून पाहिलं असणार. पण तो कोणीतरी जोगेश्वरीत राहत नव्हता आणि बाई समोर उभ्या होत्या. माझ्या लहानपणी कोकणात शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला डिप्टी म्हणत. तो आला की गुरुजींचे पाय लटपटायचे. या मुलीने हात वर केला, की माझंही तसंच व्हायचं. एकदा मधल्या सुट्टीत मी सहज म्हटलं, “आमची डिप्टी आज काय विचारते कोण जाणे,” आणि ते नाव पोरांनी उचललं. हजेरीपटावर ती करुणा होती. शाळेत मात्र डिप्टी.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. जोगेश्वरी पूर्वेला टेकडीच्या उतारावर पत्र्याच्या चाळी होत्या आणि त्या चाळींतली जवळजवळ सगळी मुलं आमच्या म्युनिसिपालटीच्या शाळेत यायची. करुणाचे वडील नगरकडून आलेले, काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात कामाला. आई घरी बसून उदबत्त्यांची पाकिटं भरायची. त्यामुळे करुणाच्या वह्यांना चंदनाचा वास असायचा. तपासायला घेतलेल्या गठ्ठ्यात तिची वही कुठे आहे, ते न बघता कळायचं.

शनिवारी शाळा सकाळची. शेवटचा अर्धा तास मी मुलांना बोलायला द्यायचे. आठवड्यात काय शिकलात, काय केलंत, ते एकेकाने उभं राहून सांगायचं. खरं म्हणजे तो अर्धा तास माझ्या विश्रांतीचा होता. “मी सातचा पाढा शिकलो,” “मी कविता शिकले,” असं म्हणून मुलं पटकन खाली बसत. डिप्टी मात्र आठवडाभर तयारी करून यायची.

एका शनिवारी ती म्हणाली, “या आठवड्यात बाईंनी शिकवलं, की बी रुजायला पाणी, हवा आणि ऊन लागतं. पण आई उसळीचे मूग फडक्यात बांधून डब्यात ठेवते. डब्यात ऊन नसतं. तरी मोड येतात. मग ऊन नंतर लागत असेल, पान आल्यावर.”

आणि खाली बसली. वर्ग माझ्याकडे बघू लागला. दर आठवड्याला मीसुद्धा घरी मूग भिजत घालत होते, फडक्यात बांधत होते, आणि बारा वर्षं फळ्यावर ‘ऊन’ लिहीत होते. मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण मग मी खडू घेतला आणि फळ्यावरचं ‘ऊन’ पुसलं. “करुणाचं बरोबर आहे, माझं चुकलं होतं,” असं वर्गासमोर म्हणायला मला फार जड गेलं. पोरांनी मात्र टाळ्या वाजवल्या. तिला का मला, ते कळलं नाही.

त्याच पावसाळ्यात आरोग्याचा धडा आला. हगवण लागली तर शरीरातलं पाणी जातं, तान्ह्या बाळाची टाळू आत जाते, म्हणून मीठ-साखरेचं पाणी द्यावं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. बाळाला दर मिनिटाला एक चमचा, ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. मी फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं, आणि हात वर गेला.

“नाही केलं,” मी प्रश्नाची वाट न पाहताच म्हटलं. “उद्या करू.”

दुसऱ्या दिवशी घरून बाटली, साखर, मीठ आणि चहाचा चमचा घेऊन गेले. चमचा सपाट कसा करायचा, ते पट्टी फिरवून दाखवलं. हे पाणी अश्रूंपेक्षा जास्त खारट लागता कामा नये, असंही सांगितलं.

“पण अश्रू कसे लागतात ते कसं कळणार?” डिप्टी म्हणाली. “रडायला पाहिजे ना कोणीतरी.”

मागच्या बाकावरच्या दोघांनी लगेच एकमेकांना चिमटे काढायला सुरुवात केली. वर्गात नुसता गोंधळ. शेवटी एकाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं आणि त्याने ते बोटाने टिपून चाखलं, मग बाटलीतलं पाणी चाखलं. “सेम टू सेम, बाई!” तो ओरडला. सगळी पोरं ओंजळीत थोडंथोडं घेऊन प्यायली. मी वह्यांवर लाल शाईने बरोबरची खूण केली आणि पुढच्या धड्याकडे वळले.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, एका सोमवारी, मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी मला बोलावणं पाठवलं. त्यांच्या खोलीत नऊवारी नेसलेल्या एक मालवणी आजी बसल्या होत्या. मी आत शिरताच त्यांनी विचारलं, “बाये, त्या करुणाक पान्याचा तूच शिकवलंस?”

“कुठल्या पाण्याचं?”

“मीठ-साखरेच्या. माझ्या आठ म्हयन्यांच्या नातवाक पाजल्यान ता.”

सहा आणि अर्धा, असंच लिहिलं होतं ना मी? की उलटं? फळ्यावर लिहिलेलं वहीत जातं आणि परीक्षेत परत येतं, एवढाच त्याचा प्रवास मला माहीत होता. ते कोणाच्या तरी तान्ह्या बाळाच्या तोंडात जाईल, हे मनात कधी आलंच नव्हतं.

आजींनी माझा चेहरा पाहिला असावा. “बरो आसा,” त्या म्हणाल्या. “हास्पिटलात आसा, पन बरो आसा. बस तू.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या करुणाच्या शेजारच्याच खोलीत राहायच्या. शनिवारपासून नातवाला जुलाब लागले होते. मुलगा गावी गेलेला. रविवारी कोपऱ्यावरचा दवाखाना बंद. आजींनी आपल्या समजुतीप्रमाणे बाळाचं पाणी तोडलं होतं. “पानी दिल्यार आनीक ढाळ होतले, पोट सुकूक व्हया,” असं त्यांनी स्वतःच्या पाचही मुलांच्या वेळी केलं होतं. दुपारपर्यंत बाळाचे डोळे खोल गेले, ओठ सुकले, रडणंही थांबलं. सून नुसती भिंतीला टेकून रडत होती.

करुणा दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “आजी, त्याची टाळू खाली गेलीय. पाणी द्यायला पाहिजे.” आजींनी तिला हाकललं. ती गेली आणि वही घेऊन परत आली. पुन्हा हाकललं. तेव्हा ती उंबऱ्यावरच बसली आणि सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात वही वाचायला लागली. सगळं वाचून झाल्यावर म्हणाली, “काकी, हे आम्ही वर्गात केलंय. मी स्वतः प्यायलेय. बाईंची खूण आहे, बघा.”

सून उठली. सासूकडे न बघता तिने स्टोव्ह पेटवला आणि पाणी उकळत ठेवलं. “आयुष्यात पैल्यांदा तिना माझा ऐकूक नाय,” आजी म्हणाल्या, “आनी तेच्यामुळे माझो नातू वाचलो.”

दर मिनिटाला एक चमचा, असं संध्याकाळपर्यंत चाललं. करुणा समोर बसून आकडे मोजत होती. बाळ ओकलं, की दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. सहाच्या सुमारास बाळाने लंगोट ओला केला आणि मोठ्याने रडलं. तेवढ्यात करुणाचे वडील रविवारच्या पाळीवरून आले. त्यांनीच रिक्षा आणली आणि सगळ्यांना इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरने विचारलं, पाणी द्यायचं कोणी सुचवलं? हे दिलं नसतं तर कठीण होतं.

आजी गेल्यावर मी वर्गात जाऊन करुणाची वही मागून घेतली. सहा चमचे साखर. अर्धा चमचा मीठ. तिच्या गोल अक्षरात, शेजारी माझी लाल खूण.

त्या शनिवारी मी आजींना मुद्दाम वर्गात बोलावलं. खरं सांगते, मला मिरवायचं होतं. शेजारच्या वर्गाच्या बाईंनाही दारात उभं केलं होतं. करुणा पुढे येऊन काहीतरी मोठं बोलेल आणि सगळे वाहवा करतील, असं चित्र मी रंगवलं होतं. ती आली आणि नेहमीसारखीच सुरू झाली.

“या आठवड्यात मी शिकले, की सगळे चमचे सारखे नसतात. शाळेत बाईंचा चहाचा चमचा होता. आजींकडे पोहे खायचा होता, तो मोठा. म्हणून मीठ आधी अगदी थोडं घातलं आणि चाखत गेलो. काकी रडतच होत्या, म्हणून त्यांनाच चाखायला सांगितलं. आधी डोळ्यातलं, मग भांड्यातलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे. बाईंनी चमचा कोणता ते पण लिहायला पाहिजे.”

ती थांबली. मग आठवल्यासारखं करून म्हणाली, “आणि पाणी त्यांच्याच हंड्यातलं घेतलं. आमच्या घरी उकळलेलं तयार होतं, पण आजी आमच्या घरचं पाणी घेत नाहीत.”

तक्रार नव्हती ती. चमच्याबद्दल सांगितलं, तशाच आवाजात तिने हेही सांगितलं. दारातल्या बाईंनी मान खाली घातली. मीही घातली, कारण माझ्या माहेरी काही वेगळं नव्हतं.

आजी माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, “बाय गो, हकडे ये. माका तान लागली हा. तुझ्या बाटलेतला पानी दी.”

करुणाने बाकावरून आपली बाटली आणली. झाकण उघडून दिली. आजी वरून न ओतता, बाटलीला तोंड लावून पाणी प्यायल्या. अर्धी बाटली संपवली. हनुवटीवर ओघळलेलं पाणी त्यांनी पुसलंसुद्धा नाही. मुलांना त्यात विशेष काही वाटलं नाही. कोणीतरी विचारलं, “बाई, घंटा झाली ना?”

पुढच्या मे महिन्यात तिच्या वडिलांना चारकोपला घर मिळालं. दाखला न्यायला दोघं शाळेत आली. नवा फ्रॉक, तेल लावून घातलेल्या दोन घट्ट वेण्या. हेडमास्तरांनी वर्तणुकीच्या रकान्यात सगळ्यांना लिहीत तसं ‘चांगली’ लिहिलं. मी म्हटलं, “सर, आणखी काही लिहा ना.” ते म्हणाले, “बाई, रकाना एवढाच असतो.”

व्हरांड्यात वडील हात जोडून म्हणाले, “येतो बाई. पोरीने फार त्रास दिला असेल तुम्हाला.”

“दिला,” मी म्हटलं. “तिने त्रास दिला नसता, तर मी अजून फळ्यावर वाट्टेल ते लिहीत राहिले असते.”

त्यांना ते कितपत कळलं, कोण जाणे. पण लेकीच्या पाठीवर हात ठेवून ते ताठ उभे राहिले. मग तिला म्हणाले, “बाईंना नमस्कार कर.”

करुणाने माझ्याकडे पाहिलं आणि घरी आल्या-गेल्याला म्हणत असेल तितक्या सहज म्हणाली, “जयभीम, बाई.”

वडील गडबडले. “अगं, शाळेत नमस्ते म्हणतात,” ते हळूच बोलले.

“जयभीम, करुणा,” मी म्हणाले. तोवरच्या आयुष्यात तो शब्द मी कधी उच्चारला नव्हता.

ती हसली. वडिलांचं बोट सोडून पायऱ्या उतरली आणि फाटकाकडे पळाली. हेडमास्तर खिडकीतून बघत होते. नुकतीच तिच्या दाखल्यावर सही केली होती, तरी त्यांनी विचारलं, “कोण हो ती मुलगी?”

“माझ्या वर्गातली,” मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून आणखी मोठ्याने म्हटलं, “माझ्या वर्गातली आहे ती.”