बर्फात उभी राहणारी काकू

आमच्या शहाडच्या बिल्डिंगखाली मासे विकणारी काकू मला "ग्रॅज्युएट" म्हणते. आमच्या घरात पहिलाच मी, त्यामुळे मला ते आवडतं. थंडीतल्या, जोडीने रात्रभर पळायच्या डोंगर-शर्यतीला तिला जोडीदार हवा होता, मी किंवा तिचा भाचा. शहाडला थंडी कुठली, म्हणून मला गारठा सोसतो का बघायला मासळी संपलेल्या पेट्यांतल्या बर्फात ती स्वतः उभी राहिली आणि मलाही उभं केलं.

"पाय काढलास का तुझ्या जागी भाचा आला समज."

माझे दात कडकडत होते. ती मात्र आरामात गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती. शेवटचं गिऱ्हाईक गेलं तसा तिने भाच्याला फोन लावला. "तू धंदा बघ रे, मी ग्रॅज्युएटला नेते."

मग डोंगराच्या सरावाला आम्ही हसत बिल्डिंगचे जिने चढत सुटलो. आमच्या पायांच्या मासळीच्या वासावर बिल्डिंगमधली सगळी मांजरं मागे.