सुमीची मोटर

सुमी अंगणात पडली तेव्हा बाजेच्या पायथ्याची दोरी तिच्या हातात होती. मला वाटलं, दोरी सुटून तोल गेला. "ऊठ वं," मी म्हटलं. ती उठली नाही... मेहकरच्या दवाखान्यात नेताना वाटेवर गाडीतच गेली. दीड महिना झाला. मला एका जागी बसवत नाही. पोळी लाटता लाटता उठते, दारापर्यंत जाते, परत येते.

सुमी माझ्या भावाची मुलगी. तिची आई लवकर गेली, भाऊ चाळिशीत शेतातच कोसळला, मग मीच तिला सुलतानपुरात वाढवलं. माझी शाळा चौथीपर्यंत. ती पुण्यात संशोधन करायची. कशावर, असं शेजाऱ्यांनी विचारलं, तर "मोटरवर" म्हणून बसली. दुसऱ्या दिवशी शेजारचे गणपतराव विहिरीवरची जळालेली मोटर घेऊन दारात. "बाई, वाइंडिंग गेली वाटते. पाहून दे." सुमी हसून हसून खाली बसली. "काका, माही मोटर डोयाले दिसत नाही!" "मंग दुरुस्त कशी करतं वं?"

ते गेल्यावर तिने मला बाज दाखवून समजावलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत धाग्यांचं जाळं असतं. प्रथिनांच्या बारक्या मोटरी ते धागे ओढत राहतात. ओढलं की जाळं ताठ, पेशी कडक. ओढ कमी झाली की मऊ. नुसत्या धाग्यांवर काही ठरत नाही, ओढणारा कोण आणि किती, त्यावर ठरतं.

"अन् लय ओढलं तं?" जुनी दोरी ताणताना तुटते, हे मला कोणी शिकवायला नको.

"तं धाग्याइचं जायंच तुटते, आत्या. मंग ढिलं." ते कधी होतं, हेच ती मोजायची.

या वेळी ती आली ती मला बुलढाण्याला नेऊन हृदय तपासायला. आमच्या घराण्यात हृदयाच्या मोटरी जास्त ओढतात, त्यामुळे स्नायू जाड आणि कडक होतो, भाऊ त्यानेच गेला असावा, असा तिला संशय होता.

"मले काय धाड भरली? तुही केली काय तपासणी?"

"आधी तुही. मंग माही करीन."

आठ दिवस ती मागे लागली, आठ दिवस मी टाळलं. शेवटी म्हटलं, "आधी बाज ताणून दे, मंग जाऊ." म्हणून ती अंगणात बसली होती.

तेरावं झाल्यावर मी एकटीच बसने बुलढाण्याला गेले. डॉक्टरांनी पडद्यावर हृदयाचा जाड झालेला स्नायू दाखवला. तोच दोष माझ्यातही आहे. सुमी बेचाळीस वर्षांची होती. मी अठ्ठ्याहत्तरची आहे, आणि जिवंत आहे.