मामीची आफ्रिका

आफ्रिकेत यंदा पाऊस कसा झाला, याची चिंता वाहणारी एकच बाई सबंध मालवण तालुक्यात होती आणि ती माझी मामी होती. आमच्याकडे छपराचे नळे उडोत, विहीर गढूळ होवो, तिला त्याचं काही नसे. गावच्या काजूच्या कारखान्यात ती बिया फोडायला जायची. इथल्या बिया लवकर संपत. पुढे कारखाना चाले तो आफ्रिकेहून मुंबईला उतरून गलबताने आमच्या बंदरात येणाऱ्या पोत्यांवर. फोडलेला गर डब्यांत भरून अमेरिकेला जाई. मी तिथेच कारकून असल्यामुळे मामीच्या या जागतिक संसाराचा मी रोजचा साक्षीदार होतो.

अमेरिकेला ती सोयऱ्यांचं घर समजे. शेजारी बसलेल्या बाईकडून गर मोडला की कडाडायची, "सोयऱ्यांच्या पानात मोडको लाडू वाढतंस काय गो?" सख्ख्या भाचीच्या हळदीला ती संध्याकाळी उगवली, कारण डबे भरायचे होते. "हळद खंय पळता? जहाज सुटतलां!" हा तिचा खुलासा. स्वतः मात्र तिने काजूचा गर कधी तोंडात टाकला नाही. सोयऱ्यांचं ताट उष्टं करायचं नाही, एवढंच म्हणायची.

एकदा माल जास्त आणि लवकर हवा असा अमेरिकेतून तगादा आला, तेव्हा कारखान्याच्या शेठनी बिया फोडायच्या शेडमध्ये बोलायलाच बंदी केली. बंदी खरं तर मामीवर होती. गावातल्या कुणाच्या तरी सासू-सुनेची गोष्ट ती ऐन रंगात आणायची आणि थांबायची. "टोपल्यो रिकाम्यो करा, मगे सांगतंय!" की सगळ्या हातोड्या एकदम चालू. बंदी आली आणि बायका पेंगू लागल्या, हातोड्या बोटांवर बसू लागल्या, तुकड्यांची रास वाढली. आठवडा उलटायच्या आत शेठ शेडच्या दारात येऊन उभे राहिले आणि चारचौघांत म्हणाले, "मामी, त्या सुनेचं पुढे काय झालं?"

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर मात्र बातमी आली की आफ्रिकेतच बिया फोडायची यंत्रं बसली. पोती कमी होत गेली, आणि एका वर्षी गलबत आलंच नाही. दिवाळीपर्यंत माल आला नाही तर शेड बंद, असं शेठनी सांगून टाकलं. मामा गेल्यापासून मामीची चूल त्या शेडवरच पेटत होती. बायकांनी देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. हे काम एरवी गावच्या मानकऱ्याचं, म्हणजे गावकराचं, पण शेडचा गावकर मामीच. आमच्या गाऱ्हाण्यात आधी मागणं असतं आणि शेवटी आडवा येणाऱ्याला देवाने बघून घ्यावं, असं सांगणं असतं. 'यंत्रां मोडून पडांदेत म्हण,' असं बायकांनी तिला आधीच पढवलं होतं.

नारळ पुढे ठेवून मामी उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा, आफ्रिकेचां गलबत बंदराक लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायकांनी साथ दिली.

"आणि थंय जी काय यंत्रां बसली हत..." मामी अडली. वळून मला म्हणाली, "झिला, त्या यंत्रांर कामाक कोण रे?"

"बायकाच असतील," मी म्हटलं.

मामी नारळाकडे वळली. मग पुन्हा हात जोडून म्हणाली, "त्या बायलांचीय चूल पेटती ऱ्हवांदे रे म्हाराजा. पण थोडी पोती हकडेय धाड!"

"व्हय म्हाराजा," बायका म्हणाल्या. निम्म्याजणी जरा उशिरानेच.

गलबत आलं नाही. दिवाळीनंतर शेडला कुलूप लागलं. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटांना पडलेले काळे डाग राख चोळून जात नाहीत. काम सुटलं की आपोआप जातात. शिमग्यापर्यंत मामीचे हात लख्ख झाले. शेजारणीने त्यांचं कौतुक केलं, तेव्हा मामी कितीतरी वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. "हे हात माजे वाटनत नाय गो," ती म्हणाली आणि तिने ते पदराखाली घेतले.