आबांनी गिरवून टाकलेला शब्द

आमच्या आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, सांगायला एकच गोष्ट होती आणि ती आम्ही शंभर वेळा ऐकली होती. दर दसऱ्याला घाटकोपरच्या आमच्या विहारात वंदना झाली की पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसायची आणि आबा सुरू व्हायचे. गावच्या शाळेत व्हरांड्यात बसून ते सातवीपर्यंत शिकले. घरच्यांनी दीक्षा घेतली, देव नदीत सोडले, आणि पुढच्याच आठवड्यात आबा शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेले. गुरुजी कशाला तरी बाहेर गेलेले, टेबलावर दाखलखारीज रजिस्टर उघडंच. आबांनी टाक उचलला आणि आपल्या नावापुढची जात खोडली. नुसती रेघ मारून नाही, शब्द दिसेनासा होईस्तोवर गिरवली. वर लिहिलं, बौद्ध. "त्या दिवसापासून तो शब्द माझ्या तोंडात नाही!" असं म्हणून मांडीवर थाप मारायचे. पोरं टाळ्या पिटायची. मीही लहानपणी पिटल्या आहेत. आमच्या घरात तो शब्द खरंच कुणी काढत नसे.

यंदा माझ्या मुलीचा मेडिकलला नंबर लागला. आमच्या अख्ख्या खानदानात पहिली. मी कंपनीत फिटर, आयटीआयवर नोकरी मिळाली, मला जात पडताळणी कधी लागलीच नाही. तिला लागणार होती. अर्ज ती अकरावीत असतानाच टाकायला हवा होता, चाळीतले चार जण सांगून थकले, पण मी आपला, होईल ना यार, काय घाई आहे! शेवटी बारावीला टाकला आणि नेमकी प्रवेशाच्या वेळी त्रुटी निघाली. आजोबांच्या मूळ जातीची शाळेतली नोंद आणा. प्रमाणपत्र पंधरा दिवसांत नाही आलं तर सीट गेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की हा आजोबा म्हणजे आपलेच आबा आणि ही नोंद म्हणजे तीच.

आबा, मी आणि मुलगी, तिघं गावाला गेलो. दोन शिक्षकांची शाळा, त्यातला एक मतदारयाद्यांच्या कामाला जुंपलेला. मुख्याध्यापक भला माणूस. स्वतः स्टुलावर चढून कपाटावरचं गाठोडं काढलं, फडक्यानं पुसलं, पान शोधलं. आबांचं नाव होतं, त्यांच्या वडिलांचं होतं, जन्मतारीख होती, आणि जातीच्या रकान्यात एक काळा डाग, त्याच्या वर बौद्ध. शाई मागच्या पानावर उतरली होती.

आबांनी डागावर बोट ठेवलं आणि हसले. "बघ, अजून हाय!" मुलीला म्हणाले.

मुख्याध्यापक चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "याचा उतारा काय देणार मी? खाडाखोड, वाचता येत नाही, एवढंच लिहून देऊ शकतो."

माझं टाळकं सरकलं. "अहो आबा, एक रेघ मारली असती तर वाचता तरी आलं असतं! गिरवायची काय गरज होती?" मास्तरांसमोर, मुलीसमोर ओरडलो. आबांनी बोट काढून घेतलं. म्हातारं माणूस, पंच्याऐंशीचं, आणि मी त्यांना शाळेतल्या पोरासारखं झापलं. आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तहसीलला गेलो. गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी वाळवीनं खाल्लेल्या. कारकुनानं आम्हाला पिशवीतला भुसा दाखवला, म्हणजे आमचा विश्वास बसावा म्हणून. आता उरली फक्त पडताळणी समितीपुढची सुनावणी. त्यात आबांचा जबाब होणार होता.

सुनावणीच्या बाई वाईट नव्हत्या. आबांना खुर्ची दिली, पाणी विचारलं. मग डाग असलेल्या पानाची झेरॉक्स पुढे सरकवून म्हणाल्या, "आजोबा, हे कुणी खोडलं?"

"म्या."

"खाली काय लिहिलं होतं?"

"बौद्ध."

"ते वर आहे आजोबा. मी खालचं विचारतेय. तुम्ही सांगितलंत तर तसा जबाब घेते, गावात चौकशी लावते. नाही सांगितलंत तर माझ्या हातात काही नाही."

बाजूला माझी मुलगी. तिनं त्यांचा हात धरला. "आबा, नको. मी बीएस्सी करीन. खरंच नको."

मी काय केलं? मी गप्प बसलो. मनात एकच चाललं होतं, बोला, आबा, बोलून टाका एकदाचं. पोरीनं नको म्हटलं आणि तिच्या बापानं म्हटलं नाही, हे आबांच्या लक्षात आलं असणारच.

त्यांनी तो शब्द उच्चारला. खाली बघून, हळू.

टाइप करणारा म्हणाला, "काका, मोठ्यानं. ऐकू नाही आलं."

आबा उभे राहिले, पूर्वी गुरुजींपुढे राहत असतील तसे, आणि मोठ्यानं म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द माझ्या बापाच्या तोंडून ऐकला. टाइप करणाऱ्यानं मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाइप करायला घेतला.

गावात चौकशी झाली, शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांचे जबाब झाले, मुदत संपायच्या आदल्या दिवशी प्रमाणपत्र हातात पडलं. मुलीला सीट मिळाली. मी पेढे वाटले. आबांनी पेढा घेतला, तो संध्याकाळपर्यंत ताटलीत तसाच होता.

दसऱ्याला मुलगी होस्टेलवरून आली. विहारात वंदना झाली, पोरं नेहमीसारखी आबांना चिकटली. "आजोबा, टाकाची गोष्ट! रजिस्टरची!"

"तसलं काही झालं नव्हतं रे," आबा म्हणाले. "उगंच सांगत होतो."

पोरं खट्टू झाली. एकीनं माझ्या मुलीला विचारलं, "ताई, खोटी होती गं गोष्ट?"

"खरी आहे," मुलगी म्हणाली. "मी तो डाग बघितलाय." बोलता बोलता रडायलाच लागली.

आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. भिंतीला धरून उठले आणि दाराशी आपल्या चपला शोधायला लागले.